थॉमस डे आणि मिल्टनचं प्रेस्बिटेरियन चर्च

मिल्टन हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं छोटंसं गाव, अगदी व्हर्जिनियाच्या सीमेला लागून, एकेकाळी तंबाखूच्या पैशावर भरभराटीला आलेलं. इथलं 1837 च्या सुमाराचं विटांचं प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) चर्च बाहेरून साधंच आहे, बघण्यासारखी आहेत ती आतली लाकडी बाकं. ती थॉमस डे (1801 – सुमारे 1861) यांच्या कारखान्यातली मानली जातात. डे हे गुलामगिरीच्या काळातले स्वतंत्र कृष्णवर्णीय फर्निचर कारागीर, काम वडिलांकडे शिकले आणि 1827 मध्ये मिल्टनच्या पेपरात त्यांची जाहिरात यायची म्हणजे तोवर धंद्याचा जम बसलेला होता.

गावात सांगतात की बाकं करून देतो पण मी आणि माझं कुटुंब खाली गोऱ्यांबरोबरच बसणार, अशी अट डे यांनी घातली होती (कृष्णवर्णीयांना तेव्हा वर गॅलरीत बसवायचे). याला कागदोपत्री पुरावा नाही, पण डे आणि त्यांची पत्नी अक्विला या चर्चचे मेंबर होते हे मात्र नक्की.

खरं तर 1830 ची हकीकत त्या दंतकथेपेक्षा भारी आहे. अक्विला व्हर्जिनियाच्या, आणि बाहेरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहायला कायद्याने बंदी, त्यामुळे लग्न झालं तरी बायकोला घरी आणता येईना. मग गावातल्या गोऱ्या लोकांनीच विधिमंडळाकडे अर्ज केला, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनेही शब्द टाकला आणि खास कायदा पास झाला. एवढा चांगला कारागीर गाव सोडून गेला तर नुकसान आपलंच, हा हिशोब त्यात होताच.

1848 मध्ये डे यांनी युनियन टॅव्हर्न ही इमारत घेऊन तिथे घर आणि कारखाना थाटला. त्यांच्या कामाची ओळख म्हणजे जिन्याच्या सुरुवातीच्या खांबाला दिलेलं मोठं एस आकाराचं वळण, आसपासच्या जुन्या घरांत ते आजही दिसतं. नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर रीड हेही त्यांचे गिऱ्हाईक. आणि हे लपवून चालणार नाही की डे यांच्याकडे स्वतःचे गुलाम होते, 1850 च्या जनगणनेत 14. काही अभ्यासक याला नाइलाज म्हणतात, ते अर्धंच पटतं.

1857 च्या मंदीत धंदा बुडाला. टॅव्हर्नला 1975 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, 1989 मध्ये तिथे मोठी आग लागली आणि नंतर इमारतीची दुरुस्ती केली गेली.