परदेशात पहिल्या रात्री बाळ कशावर झोपणार?

अमेरिकेला शिफ्ट होणाऱ्यांच्या बॅगेत कुकर असतो, गोडा मसाला असतो, बाळाची दुपटी, कुंची, मोहरीची उशी, आजीने शिवलेली गोधडी सगळं असतं, फक्त पहिल्या रात्री बाळ नक्की कशावर झोपणार ते कोणीच ठरवलेलं नसतं. अपार्टमेंट रिकामं मिळतं, बेडची डिलिव्हरी लांबते, मग सगळे करतात तेच करायचं, एअर मॅट्रेस फुगवायची आणि बाळाला मधे घ्यायचं. लहान बाळासाठी ही फार धोक्याची जागा.

का ते बघू. मोठं माणूस एअर मॅट्रेसवर झोपलं की ती त्याच्या वजनाने दबते, उतार तयार होतो आणि बाळ त्या बाजूला घरंगळतं. दोन-तीन महिन्यांच्या बाळाची मान धरलेली नसते, तोंड मऊ गादीत किंवा आईच्या अंगाला दाबलं गेलं तर त्याला ते सोडवता येत नाही. कधीकधी नाक पूर्ण बंदही व्हावं लागत नाही, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चेहऱ्याभोवतीच साठतो आणि बाळ तीच हवा परत परत आत घेत राहतं. एरवी अशा वेळी मेंदू बाळाला जागं करतो, ते चुळबूळ करतं, रडतं. पण काही बाळांमध्ये ही जाग येण्याची यंत्रणाच कमजोर असते. बॉस्टनच्या संशोधक हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झोपेत अचानक गेलेल्या अनेक बाळांच्या ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या मेंदूच्या तळाच्या भागात, सेरोटोनिन ह्या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित दोष सापडले. वरून बघून कुठलं बाळ असं आहे ते कळत नाही, म्हणून नियम सगळ्यांनाच. अमेरिकेत दरवर्षी साधारण 3,500 बाळं झोपेत दगावतात आणि सगळ्यात नाजूक काळ पहिल्या सहा महिन्यांचा.

पाठीवर झोपवायचं हा नियम तर सगळ्यात महत्त्वाचा. 1994 मध्ये तिथे ह्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत अशा अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याकडे आज्यांना भीती असते की उताणं झोपवलं तर दूध उलटून श्वासात जाईल, म्हणून त्या कुशीवर वळवून मागे लोड लावतात. खरं तर उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं झोपवलं की हेच उलटं होतं. आणि कुशीवरचं बाळ पालथं व्हायला वेळ लागत नाही.

नवीन आलेल्यांसाठी माझं मत विचाराल तर मोठा लाकडी क्रिब (दांड्यांचा कठडा असलेला बाळाचा बेड) नंतर घ्या, आधी घडीचा प्लेयार्ड घ्या, म्हणजे जाळीच्या बाजूंचा दुमडता येणारा बेड, ज्याला आपले लोक सरसकट पॅक अँड प्ले म्हणतात. तिथे आधीपासून कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याच पत्त्यावर मागवून ठेवा. त्याच्या तळाची गादी हाताला पुठ्ठ्यासारखी कडक लागते आणि प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच की अगं टोचेल त्याला, खाली गोधडी तरी घाल. घालू नका. ती कडक असायलाच हवी, आणि वरून दुसरी गादी टाकली की कडेला फट पडते, तिथे तोंड अडकतं. देसी ग्रुपवर फुकट किंवा स्वस्तात क्रिब मिळत असेल तर बाजू खाली सरकते का ते बघा, तसले क्रिब विकायला तिथे जून 2011 पासून बंदी आहे. दांड्यांमधून कोकचा कॅन आरपार जात असेल तरी नको.

मोहरीची उशी मात्र राहू द्या घरी. डोकं गोल व्हावं म्हणून ती वापरतात, पण पहिलं वर्षभर उशी कुठलीच नको, जागेपणी नजरेसमोर पालथं ठेवलं तरी डोक्याच्या मागे पडणारा दाब कमी होतो. झोपताना कुंची, टोपडंही नको, बाळाच्या अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं आणि उकडलं की बरीचशी उष्णता तिथून बाहेर जाते. बाहेर बर्फ असला तरी घरात हीटिंग असतं, पांघरुणाऐवजी अंगात घालायची स्लीप सॅक पुरते. कार सीटमध्ये झोपलेलं बाळ घरी पोचल्यावर उचलून सपाट जागी ठेवायचं, जाग आली तरी चालेल, कारण हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते (झोळीतही तोच प्रॉब्लेम).

मग वेगळी खोली हवी का? अजिबात नाही, निदान सहा महिने बाळ आईबाबांच्याच खोलीत पण स्वतःच्या बेडवर, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

खरी परीक्षा जेट लॅगची. दिवाळीनंतर जाल तर न्यूजर्सी पुण्याच्या साडेदहा तास मागे, त्यामुळे रात्री तीनला बाळ टक्क जागं आणि आई थकून सोफ्यावर बसून पाजतेय. सोफा किंवा रिक्लायनरवर बाळाला घेऊन डोळा लागणं हे बेडवर डोळा लागण्यापेक्षाही धोक्याचं, फटी जास्त असतात ना. डुलकी येईल असं वाटत असेल तर उशा-पांघरुणं बाजूला करून नेहमीच्या कडक बेडवर बसून पाजा, जाग आली की लगेच बाळ त्याच्या जागी, आणि पहिला आठवडा तरी दोघांनी रात्रीच्या पाळ्या लावून घ्या.