छोटी पेन्शन एकरकमी हवी? ट्रान्सफर करावीच लागते असं नाही

ब्रिटनमध्ये जुन्या कंपनीची पगारावर ठरलेली छोटी पेन्शन एकरकमी घ्यायची तर आधी ती दुसऱ्या योजनेत ट्रान्सफर करावी लागते, असं सर्रास सांगतात. खरं तर वय 55 झालं आणि योजनेचे नियम आड आले नाहीत, तर मूळ योजनाच पैसे देऊ शकते. सरकारी पेन्शन (म्हातारपणी सरकार नागरिकांना देतं ती) वगळून बाकी सगळ्या पेन्शनचं मूल्य मिळून 30,000 पौंडांच्या आत हवं. अशा पेन्शनचं मूल्य मोजताना वर्षाची रक्कम 20 ने गुणतात: वर्षाला 1,200 पौंड मिळणार असतील तर गुणिले 20, म्हणजे 24,000. बसलं! हातात नेमके तेवढेच येतील असं मात्र नाही. तो आकडा योजना ठरवते. शिवाय पाव रक्कमच करमुक्त, उरलेल्यावर आयकर.