पेन ड्राइव्हवरून बूट करणं इतकं सोपं कसं झालं

आता पेन ड्राइव्ह लावायचा, चालू करताना एफ १२ नाहीतर एफ २ दाबायचं आणि विंडोज टाकायला बसायचं, एवढंच काम असतं. पण जुन्या मशीनवर हे केलंय त्यांना माहितीये की तोच पेन ड्राइव्ह एका मशीनवर मस्त चालायचा आणि दुसऱ्यावर नुसती काळी स्क्रीन. बूट करणं म्हणजे मशीन चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणून सुरू करणं, त्यात असं का व्हायचं ते कळायला १९८१ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी आला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच, मदरबोर्डवरच्या चिपमधलं बायोस, म्हणजे मशीन चालू होताच पहिल्यांदा चालणारा प्रोग्राम, फ्लॉपीचा पहिला सेक्टर म्हणजे सुरुवातीचा फक्त ५१२ बाइटचा तुकडा मेमरीत उचलायचं आणि पुढचं सगळं त्याच्यावर सोपवायचं. १९८३ ला आयबीएमचाच हार्ड डिस्कवाला पीसी एक्सटी आला तरी नियम तोच, उलट त्याच ५१२ मध्ये पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांची यादी पण बसवली. हा नियम पुढे कितीतरी वर्षं टिकला आणि माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथूनच आली, कारण नंतर जे जे नवीन आलं त्याला फ्लॉपी नाहीतर हार्ड डिस्क असल्याचं सोंग घ्यावं लागलं. १९९५ च्या एल टोरिटो स्टँडर्डने सीडीवरून बूट करता यायला लागलं, त्यातसुद्धा सीडीवर फ्लॉपीची इमेज म्हणजे हुबेहूब नक्कल ठेवून बायोसला हीच फ्लॉपी आहे असं भासवायची सोय होती.

पेन ड्राइव्ह बाजारात आले २००० मध्ये, सुरुवातीचे ८ एमबीचे. आता अडचण बघा, यूएसबी वाचायला ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम लागतो आणि ड्रायव्हर तर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, जी त्या पेन ड्राइव्हवरच आहे, म्हणजे तो ड्रायव्हर बायोसमध्येच असायला हवा. तो हळूहळू आला, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कुठे यूएसबी-एचडीडी (हार्ड डिस्कसारखा), कुठे यूएसबी-झिप (झिप ड्राइव्हसारखा), कुठे यूएसबी-एफडीडी (फ्लॉपीसारखा) असे ऑप्शन असायचे आणि ड्राइव्ह त्या प्रकारे बनवलेला नसेल तर तो बूटच व्हायचा नाही.

मग २००७ च्या सुमारास सीडी ड्राइव्ह नसलेले छोटे नेटबुक आले आणि पेन ड्राइव्हशिवाय गत्यंतर राहिलं नाही. बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवून देणारं यूनेटबूटिन हे टूल त्याच वर्षी आलं, २०११ ला तसंच रूफस. लिनक्सवाल्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते, आयएसओ फॉरमॅटमध्ये, म्हणजे अख्खी सीडी एका फाइलमध्ये ठेवायच्या पद्धतीत, सुरुवातीची ३२ केबी जागा मोकळीच सोडलेली असते, त्यांनी तिथे हार्ड डिस्कचा बूट सेक्टर ठेवला, त्यामुळे एकच फाइल सीडीवर पण चालते आणि जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर लिहिली तरी चालते.

खरी सुटका केली यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीने. ते पहिल्या सेक्टरवर अवलंबून नसतं, फॅट ३२ (फाइल ठेवायची एक जुनी पद्धत) पार्टिशनवर ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४.ईएफआय नावाची फाइल आहे का एवढंच बघतं, म्हणजे साधं कॉपी-पेस्ट केलं तरी ड्राइव्ह बूटेबल होतो. फक्त फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोज टाकायला लागणारी इन्स्टॉल.विम ही फाइल आता बऱ्याचदा त्याहून मोठी असते, म्हणून रूफससारखी टूल अजूनही लागतात. इंटेलने २०१७ मध्येच जुनी बायोस पद्धत काढून टाकायचं जाहीर केलं होतं, त्यामुळे बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तो ५१२ बाइटवाला रस्ताच बंद आहे, तुमचा जुना पेन ड्राइव्ह बूट मेनूत दिसत नसेल तर तो यूईएफआयसाठी परत बनवून बघा.