व्हीपीएन निदान-लॉग

व्हीपीएन क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या यंत्रावरचा जोडणीचा प्रोग्राम, सर्व्हरशी जोडला जात नसेल, किंवा जोडला जाऊन पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर बिघाडाची जागा शोधण्यासाठी क्लायंटकडून घेतलेल्या तांत्रिक नोंदी. हेल्पडेस्कवरचा रोजचा शब्द नुसता ‘लॉग’: ‘लॉग काढून पाठवा, मग बघतो.’ बातम्यांमध्ये ‘व्हीपीएन लॉग’ म्हणून ज्यावर वाद होतो ते प्रकरण वेगळे. तिथे सेवा देणारी कंपनी ग्राहकांविषयी काय साठवते हा प्रश्न असतो. इथला लॉग वापरणाऱ्याच्याच संगणकावर किंवा फोनवर तयार होतो आणि त्यात त्या यंत्राने काय केले, काय उत्तर आले एवढेच असते.

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून काढलेला कूटबद्ध बोगदा. त्याचे एक तोंड घरात, दुसरे संस्थेच्या सर्व्हरवर. मधला रस्ता दोघांपैकी कोणाच्याच ताब्यात नाही. ‘व्हीपीएन चालत नाही’ या तीन शब्दांच्या तक्रारीतून म्हणूनच जवळपास काहीच कळत नाही. मार्च २०२० मध्ये हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतची कार्यालये घरी हलली, तेव्हा आयटी विभागांना हे दिवसातून अनेकदा अनुभवायला मिळाले.

जोडणी टप्प्याटप्प्याने होते. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधायचा, तिथे पहिले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) धाडायचे, सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासायचे, वापरकर्त्याची ओळख पटवायची, आतला आयपी पत्ता घ्यायचा आणि शेवटी संगणकाच्या राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कोणते पॅकेट कुठून धाडायचे याच्या यादीत, नवे मार्ग घालायचे. लॉग वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत आली?

जेम्स योनान यांनी २००१ मध्ये आणलेल्या ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा लॉग हे शिकायला सर्वांत सोयीचा, कारण तो बराच बोलका आहे. ‘टीएलएस की निगोशिएशन (दोन टोकांमधली कूट-किल्ल्यांची बोलणी) ६० सेकंदांत झाले नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, की सर्व्हरकडून काही परतच आलेले नाही असे धरून चालतात. हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायने यूडीपी ११९४ हे पोर्ट, म्हणजे ओपनव्हीपीएनचे नेहमीचे दार, अडवले असेल, पत्ता चुकला असेल, किंवा सर्व्हरच बंद असेल. अशा वेळी पासवर्ड बदलत बसणे व्यर्थ, गोष्ट पासवर्डपर्यंत पोचलेलीच नसते. याउलट ‘ऑथ फेल्ड’ आले तर रस्ता आणि प्रमाणपत्र दोन्ही ठीक आहेत, चूक पासवर्डात किंवा ओटीपीत. ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’, म्हणजे प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, हा संदेश पाहून लोक प्रमाणपत्र बनवणाऱ्याला धरतात. पण पुष्कळदा जुन्या संगणकातली नाण्याएवढी बॅटरी संपून त्याचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते.

सर्वांत फसवी ओळ ‘इनिशियलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड’. बोगदा तयार झाला, लॉग समाधानी आहे, तरी कार्यालयातले पान उघडत नाही. घरचा राउटर आणि कार्यालय दोघेही १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका वापरत असतील, तर संगणक कार्यालयातल्या सर्व्हरला घरातच शोधत राहतो. किंवा पॅकेटचा आकार आड येतो. इथरनेटवर १५०० बाइटचे पॅकेट चालते, पण बोगद्याचे वेष्टण चढल्यावर आत तेवढी जागा उरत नाही. मग पिंग (चाचणीचे छोटे पॅकेट) जाते, लहान पान उघडते आणि मोठी फाइल मात्र अडकून पडते. यातले काहीच क्लायंटच्या लॉगमध्ये चूक म्हणून उमटत नाही. तिथे राउटिंग टेबल आणि नेटवर्क कार्डांची माहिती सोबत घ्यावीच लागते.

लॉग किती बोलणार हे ठरवता येते. ओपनव्हीपीएनमध्ये ‘व्हर्ब’ ही पातळी ० ते ११ असते. रोजच्या वापराला ३ पुरते. ५ वर नेल्यास प्रत्येक पॅकेटमागे एक अक्षर उमटते: आलेल्याला ‘आर’, गेलेल्याला ‘डब्ल्यू’. नेटवर्कवरच्या पॅकेटांना कॅपिटल अक्षर, बोगद्याच्या आतल्यांना लहान. पडद्यावर कॅपिटल ‘डब्ल्यू’चीच रांग लागली तर निदान झालेच म्हणायचे: आपण हाका मारतो आहोत, पलीकडून ओ येत नाही.

वायरगार्डची तऱ्हा उलटी. जेसन डोनेनफेल्ड यांचा हा प्रोटोकॉल २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आला, आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला उत्तरच द्यायचे नाही हे त्याचे धोरण आहे. किल्ली चुकली तरी अबोला, सर्व्हर बंद असला तरी अबोला. तिथे ‘डब्ल्यूजी शो’ या आज्ञेने शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणे, केव्हा झाला ते पाहतात. वाहतूक चालू असताना तो साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो. दहा मिनिटे जुना दिसला तर बोगदा मेलेला आहे. लिनक्सवर याहून जास्त हवे असेल तर कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) डायनॅमिक डीबग, म्हणजे सविस्तर नोंदींची सोय, मुद्दाम चालू करावे लागते.

विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनचा माग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘रासक्लायंट’ या नावाखाली लागतो आणि तो आकड्यांत बोलतो. ६९१ म्हणजे नाव-पासवर्डाची गडबड. ८०९ म्हणजे बहुधा मधल्या कुणीतरी यूडीपी ५०० आणि ४५०० अडवले आहेत. सिस्कोच्या क्लायंटसोबत ‘डार्ट’ नावाचे साधन येते, जे सगळे गोळा करून एकच झिप हाती देते. इतर कंपन्यांच्या क्लायंटमध्येही बहुधा असे एखादे बटण असतेच.

बटण दाबणे सोपे, वेळ साधणे अवघड. आधी पातळी वाढवायची, घड्याळ पाहून वेळ टिपायची, बिघाड एकदाच घडवून आणायचा, तो पूर्ण फसेपर्यंत थांबायचे आणि लगेच फाइलची प्रत काढायची. विंडोजवरचा ओपनव्हीपीएन जीयूआय मूळ मांडणीत प्रत्येक नव्या जोडणीला जुना लॉग पुसून टाकतो, त्यामुळे ‘काल तुटले होते’ याचा पुरावा आज सकाळच्या यशस्वी जोडणीने गेलेला असतो. मग तेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून दुसरा लॉग घ्यायचा. दोन्ही शेजारी ठेवले की दोष घरच्या जोडणीचा की सर्व्हरचा हे बरेचदा वेगळे वाचावेही लागत नाही. पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणे हा लोकप्रिय मार्ग आहे आणि जवळपास निरुपयोगी, कारण हवी ती ओळ नेमकी त्याच्या वर राहते.

क्लायंटचा लॉग ही अर्धीच बाजू. तो सर्व्हरच्या लॉगशी मिनिटामिनिटाला जुळवावा लागतो, आणि सर्व्हर अनेकदा जागतिक प्रमाणवेळ लिहितात. साडेदहाची तक्रार तिथे सकाळी पाचला सापडते. साडेपाच तास वजा करायला विसरलेला माणूस ‘आमच्याकडे काहीच आले नाही’ असे प्रामाणिकपणे कळवतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांनी यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय वेळ-सर्व्हरांशी जुळती ठेवायची आणि लॉग १८० दिवस राखायचे आहेत.

लॉगमध्ये वापरकर्त्याचे नाव, घरचा सार्वजनिक आयपी पत्ता, आतल्या सर्व्हरांची नावे सहज येतात. वायरगार्डची कॉन्फिग फाइल जोडली तर तिच्यात खासगी किल्ली उघडी लिहिलेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉगिन-सेवा पुरवणाऱ्या ओक्टा कंपनीच्या ग्राहक-मदत यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे उघड झाले. तिथे चोरांना मिळाल्या त्या ग्राहकांनी बिघाड शोधण्यासाठीच दिलेल्या ब्राउझर-नोंदींच्या फायली, आणि त्यांतल्या सत्र-टोकनांवर (लॉगिन झाल्याच्या खुणांवर) त्यांनी काही ग्राहकांच्या खात्यांत शिरकाव केला. किल्ल्या, टोकन आणि पासवर्ड म्हणूनच पूर्ण काढून टाकतात. पत्ते मात्र सरसकट फुल्या मारून झाकत नाहीत. सार्वजनिक पत्त्याला प्रत्येक ठिकाणी एकच टोपणनाव देतात आणि १९२.१६८ सारखे घरगुती पत्ते तसेच ठेवतात. सगळीकडे फुल्याच मारल्या, तर घर आणि कार्यालय यांची पत्त्यांची मालिका एकच आहे हे वाचणाऱ्याला कळायला वाव राहत नाही.