लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं, पण हातात पावती कोणती?

वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावांतून कापूस भरलेले छोटे टेम्पो जिनिंगकडे जात असतात. असाच एक टेम्पो चालवणारा पोरगा माझ्या सेवा केंद्रावर आला. पॉलिथिनमध्ये जपून ठेवलेला कागद काढून म्हणाला, "भाऊ, लायसन पोलिसानं ठेवून घेतलं, पण पावती हाये नं. मंग गाडी चालवाले काय होते?"

पावतीवर कलम होतं 194-सी. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर आईला आणि बायकोला घेऊन ट्रिपल सीट येत होता. मोटारसायकल आणि टेम्पो, दोन्हींचं लायसन एकच. या पावतीवर तो काहीच चालवू शकत नव्हता, आणि चार दिवसांपासून टेम्पो चालवत होता.

पावती म्हणजे परवानगी, असंच आपल्याकडे सगळे धरून चालतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 मध्ये लायसन जप्त करायच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींत पावतीच मिळते.

पहिली तऱ्हा जुनी. केस झाली आणि चालक समन्स चुकवेल असं पोलिसाला वाटलं, तर तो लायसन घेऊन कोर्टाकडे पाठवतो. पावतीवर तारीख असते. त्या तारखेपर्यंत, किंवा लायसन त्याआधी परत मिळालं तर तोवर, त्याच पावतीवर गाडी चालवता येते. पहिल्या तारखेला कोर्टात हजर झालं की पावती द्यायची, लायसन घ्यायचं. आपला काही दोष नसताना उशीर झाला, तर मुदत वाढवूनही मिळते.

दुसरी 2019 च्या दुरुस्तीतून आली. अतिवेग, धोकादायक रीतीने चालवणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, असुरक्षित गाडी, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, अँब्युलन्सला वाट न देणं, या गुन्ह्यांत लायसन कोर्टाकडे नाही, आरटीओकडे जातं. पावती इथेही मिळते, पण लायसन परत येईपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून पावती हातात पडली की आधी कलम वाचा.

"दंड तर भरला नं मी," तो म्हणाला. जागेवर भरलेल्या दंडाने केस मिटते, आरटीओची कारवाई मिटत नाही. कलम 200 मध्येच तसं म्हटलं आहे. हा भाग लोकांना कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लायसन जप्त झालं म्हणजे निलंबित झालं असंही नाही. निलंबन पोलीस करत नाहीत, आरटीओ करतं, आणि तेही तुमचं म्हणणं ऐकून. पटलं तर सोडूनही देतात. नाही पटलं तर पहिल्या वेळी 3 महिने निलंबन, दुसऱ्या वेळी लायसनच रद्द. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम 182 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

त्या पोराला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: सुनावणी चुकवू नको. लायसनवरच्या सगळ्या वाहनप्रकारांसाठी किंवा त्यांतल्या एखाद्यासाठीच अपात्र ठरवता येतं. गुन्हा मोटारसायकलवरचा, पोट टेम्पोवरचं, तेव्हा टेम्पोपुरतं लायसन राहू द्या, अशी विनंती लेखी करता येते. अर्ज मी तिथेच टाईप करून दिला. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. आणि 3 महिने भरले तरी चालकाचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन परत मिळत नाही.

टेम्पो त्याने माझ्या दुकानासमोरच ठेवला. संध्याकाळी मोठा भाऊ येऊन घेऊन गेला. त्याचं लायसन आधी मी पाहून घेतलं.