मोजायला गेलो आणि पट्टा बदलला

जिनिंगच्या हंगामात जळगाव जिल्ह्यातल्या एका मिलमध्ये मी दोन दिवस वही घेऊन उभा होतो. एक रेचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, तासाला किती रुई काढतो, एवढंच बघायचं होतं. पहिल्याच तासाला एक हमाल जवळ आला. "भाऊ, तू शेठना माणूस शे का?" मी नाही म्हणालो. पण आत सोडलं होतं शेठनीच, त्याला कसं पटावं? त्या दिवशी कुणी बिडी ओढायलासुद्धा बाहेर गेलं नाही.

बघणारा आला की कामगार बदलतात, ही शंका जुनी आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून तिला ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव मिळालं, आणि त्या आकड्यांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

मग मुनीमजींची वही मागितली. गाठी किती, मजुरी किती, सगळं चोख. पण लाईट गेली म्हणून रेचा किती वेळ थांबला, ओला कापूस किती आला, याची नोंद कुठेच नाही. असेल कशाला? वही मजुरी वाटण्यासाठी होती, माझ्या प्रश्नासाठी नव्हे.

म्हणून दुसऱ्या दिवशी रेचा थांबला की मी भिंतीवर खडूने वेळ लिहू लागलो. दुपारी मुकादम त्या रेघा बघत उभा राहिला आणि त्याने घसरणारा पट्टा बदलून घेतला. रुई वाढली. माझा आकडा बिघडला!

हीच अडचण अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांना तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत आली होती. १४ कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापनाचा सल्ला मिळाला. तुलनेसाठी ठेवलेल्या सहा कारखान्यांतही एक महिना सल्लागार बसवावे लागले, कारण त्याशिवाय मोजण्याजोग्या नोंदीच मिळत नव्हत्या. म्हणजे औषधाचा एक घोट त्यांनाही गेलाच. तरी सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. कारखाने इतके थोडे की एखाद्याचं बरंवाईट वर्षही सरासरी हलवू शकतं. म्हणून त्यांनी आठवड्या-आठवड्याचे आकडे घेतले.

काही वर्षांनी ते पुन्हा तिथे गेले, तेव्हा सुरू करून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. एक मोठं कारण म्हणजे मॅनेजर बदलले होते. माझ्या मिलमध्ये तर मुकादमच पुढच्या हंगामाला नवा आला. भिंतीला चुना मारून झाला होता.