रक्त गोठतंही आणि वाहतंही: डायलिसिसच्या रुग्णाचा पेच

बडोद्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत कुणाचं डायलिसिस सुरू झालं की पहिल्यांदा बंद होतो तो बटाट्याचा लिलो चेवडा. बटाट्यात पोटॅशियम भरपूर, आणि निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, एवढं आता घरोघरी ठाऊक आहे. हेच पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं, हे मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही.

डायलिसिसच्या साधारण चार तासांत अंगातलं साठलेलं पाणी ओढून काढलं जातं, क्षारांचं प्रमाण झपाट्यानं बदलतं, आणि पुढच्या खेपेपर्यंत सगळं पुन्हा साठत जातं. या चढउतारानं हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. वय आणि रक्तदाब यांची त्यात भर पडते. मग कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. याला ॲट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, बहुतेक वेळा डाव्या कप्प्याच्या एका छोट्या पिशवीसारख्या भागात. तिथे झालेली गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. एरवीच्या माणसांतही या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

मग रक्त पातळ करणारी गोळी द्यावी, हे सरळ उत्तर वाटतं. पण मूत्रपिंडं निकामी झाल्यावर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना नीट चिकटत नाहीत. शिवाय यंत्रात रक्त गोठू नये म्हणून बहुतेकांना दर खेपेला हेपारिन मिळतं, आणि फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागी, जाड सुया टोचल्या जातात. अशा माणसाला आतड्यात किंवा मेंदूत रक्तस्राव व्हायला फार निमित्त लागत नाही. धोका मोजायची डॉक्टरांची गुणपत्रकंही इथे अपुरी पडतात: वय आणि पूर्वीचा पक्षाघात यांमुळे पक्षाघाताचे गुण वाढतात आणि रक्तस्रावाचेही. ज्याला गोळीची गरज जास्त, त्यालाच तिची भीती जास्त.

जुनी गोळी वॉरफरिन. तिच्यासाठी वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, तपासावा लागतो, मेथी-पालक खाण्याचं प्रमाण सांभाळावं लागतं, आणि डायलिसिसच्या रुग्णांत ती रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला हातभार लावते. क्वचित त्वचेवर अत्यंत वेदनादायक जखमा होतात. नव्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, ॲपिक्साबान सुमारे 27 टक्केच. म्हणून ॲपिक्साबानकडे कल आहे.

पण पुरावा? नव्या गोळ्यांच्या 2009 आणि 2011 मधल्या मोठ्या चाचण्यांत प्रत्येकी 14 ते 18 हजार रुग्ण होते, आणि डायलिसिसवरच्या माणसांना त्यांत प्रवेशच नव्हता. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांचा प्रश्न सर्वांत अवघड, त्यांनाच उत्तर शोधताना बाहेर ठेवलं. पुढे खास त्यांच्यासाठी ॲपिक्साबान आणि वॉरफरिनची तुलना करणारी चाचणी अमेरिकेत झाली, ती 154 रुग्णांवर थांबली. ॲपिक्साबानची वॉरफरिनच्याच जातीच्या दुसऱ्या गोळीशी तुलना करणाऱ्या जर्मन चाचणीत 97 रुग्ण होते. एवढ्याशा संख्येवरून कुठली गोळी सरस ते ठरत नाही. अमेरिकी चाचणीतली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: दखल घ्यावी असा रक्तस्राव पक्षाघातापेक्षा सुमारे दहापट वेळा झाला.

त्यामुळे शेजारच्या काकांना गोळी चालू आहे आणि आपल्या बाबांना नाही, यावरून डॉक्टरांवर शंका घेऊ नये. विचारायचं ते असं: पूर्वी पक्षाघात झालाय का, शौचातून रक्त गेलंय का, पडण्याची भीती किती, हेपारिन कमी करता येईल का, हृदयातली ती पिशवी बंद करणारं उपकरण बसवण्याचा पर्याय आहे का. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर वेगळे असतील तर दोघांनी एकमेकांशी बोलावं, असा आग्रह धरावा. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक आणणं तर कटाक्षानं टाळावं.

आणि कधी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर डायलिसिसच्या पुढच्या वाराची वाट न पाहता लगेच 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टरांना दोन गोष्टी लागतात: रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली, आणि शेवटचं हेपारिन कधी मिळालं.